गवती चहाचं गारेगार दगडासारखं होतंय आणि चवही जातेय, काय चुकतंय?

कुंडीतली_तुळस (जुळे सोलापूर)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण चूक नेमकी कुठे होतेय तेच मला सापडेना झालंय.

मागच्या मे महिन्यात मुलानं बाहेर एका गाडीवर रंगीत गारेगार खाल्लं. रात्रीपासून जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सलाईन लावावं लागलं. नऊ वर्षांचं पोर अंथरुणात इतकंसं दिसत होतं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या उन्हाळ्यात गारेगार घरातच करायचं. तेही रंगाच्या बाटलीतलं नाही, आपल्या कुंडीतल्या पाल्याचं. माझ्या गॅलरीत जुन्या टबात गवती चहा आहे, फुटक्या बादलीत पुदिना आहे आणि तुळस तर आहेच. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून मी ही झाडं जगवते. एकेक पात मोजून तोडते. म्हणून वाया गेलं की जीव तुटतो.

पहिल्यांदा केलं ते असं. चार मोठे ग्लास पाणी, गवती चहाच्या दहा पाती, आल्याचा तुकडा, मूठभर तुळस, चार चमचे साखर. सगळं एकदम घातलं आणि वीस मिनिटं उकळलं. गरम असताना चाखलं तर इतकं छान लागलं की अर्धा कप मीच प्यायले. गाळून गार केलं, साच्यात ओतलं. सकाळी बघते तर दगड. मुलीनं दोनदा चोखलं, त्यात सगळा रंग आणि गोडवा निघून गेला, काडीला पांढराफेक बर्फ राहिला. मुलगा म्हणाला, "आई, ह्यात नुसता बर्फच आहे की." खरंच होतं ते.

दुसऱ्यांदा वाटलं, पाला कमी पडला असेल. वीस पाती घातल्या आणि अर्धा तास उकळलं. कडू झालं. तिसऱ्यांदा साखरेऐवजी मध घातला, चांगला वाटीभर. ते गोठलंच नाही नीट, साच्यातून काढताना काडी हातात आणि गारेगार साच्यात.

त्यात दुपारची वीज जाते, दीड-दोन तास. वीज आल्यावर पुन्हा गोठतं, पण मग आत सुयांसारखे खडे होतात.

अजून एक अडचण सांगते. आमच्या घरात एकाचं एकाला चालत नाही. सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे, दातही थोडेच उरलेत. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात. सुताला ओलावा हवा, कोरड्या वाऱ्यानं धागा तुटतो, म्हणून तिथं खिडक्या बंद ठेवतात. बाहेर ४३ अंश असलं की आत काय होत असेल ते त्यांचा शर्ट बघून कळतं, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. त्यांना गोड नको असतं. आणि पुढच्या आठवड्यात नणंद माहेरपणाला येतेय, बाळ अकरा महिन्यांचं आहे. ते सगळ्यांच्या हातातलं मागणारच.

सगळ्यांना एका दुपारी काहीतरी गार हातात देता यावं, एवढंच मनात आहे. ज्यांनी घरी केलंय त्यांनी सांगा.

साचेवाला (बाळीवेस)

ताई, माझ्या वडिलांची कुल्फीची हातगाडी होती. मी शाळेत असल्यापासून संध्याकाळी साचे घुसळायला बसायचो, त्यामुळे गोठवण्यातलं थोडंफार कळतं. पाल्यातलं बायका सांगतील.

तुमचं पहिलं गारेगार फसलं ते साखरेनं. लिटरभर पाण्याला चार चमचे म्हणजे वीस ग्रॅम. एवढ्यात पाणी पाण्यासारखंच गोठणार, म्हणजे दगड. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती बर्फाचे कण एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, मधे थोडा पाक न गोठता राहतो, म्हणून दात लागतो. लिटरला १३० ते १५० ग्रॅम धरा आणि वजन करून घ्या, वाटीचा भरवसा नको. मध तुमचा उलट जास्त झाला. मधातल्या साखरेचे रेणू छोटे असतात, म्हणून तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा ती गोठण जास्त खाली ओढते, म्हणजे गोठायला जास्त थंडी लागते. वापरायचाच असेल तर निम्मी साखर, थोडासा मध.

दुसरं म्हणजे गार जिभेला गोड आणि वास दोन्ही कमी कळतात. कुल्फीचं दूध आटवताना वडील चाखायचे आणि म्हणायचे, "गरम असताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, तर गार झाल्यावर बरोबर लागेल." तुमचा चहा गरम असताना प्यायला छान लागला ना? मग तो गोठवायला पातळच होता.

आता चोखल्यावर पांढरा बर्फ उरतो त्याचं. पाणी गोठताना आधी चोख पाणी गोठतं, साच्याच्या कडेनं. साखर, रंग, अर्क सगळं मधे ढकललं जातं. चोखलं की ते निघून येतं आणि बर्फाचा सांगाडा उरतो. हे थांबवायला दोन गोष्टी लागतात. एक, लवकर गोठवणं, म्हणजे कण बारीक होतात. साचे आधी फ्रीजमध्ये थंडगार करून मग फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवा, रात्री सगळे झोपल्यावर, म्हणजे दार उघडलं जाणार नाही. दोन, पाण्याला अंग देणं. आमच्यात आरारूट घालायचे. अर्धा लिटरला एक छोटा चमचा, आधी थंड पाण्यात कालवायचा, मग उकळत्यात ओतून मिनिटभर ढवळायचं. घरात फळाचा गर असेल तर त्याहून चांगलं.

सुया होतात त्या विजेमुळेच. अर्धवट वितळून पुन्हा सावकाश गोठलं की बारीक कण मोडून मोठे होतात. फ्रीझरमध्ये पाण्याच्या तीन-चार बाटल्या गोठवून साच्यांना चिकटून ठेवा. वीज गेली तरी त्या बराच वेळ गारवा धरून ठेवतात. बाटली काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. साच्यातही बोटभर जागा सोडा.

आणि वीज फारच रुसली तर आमचा जुना मार्ग आहेच. मडक्यात फोडलेला बर्फ तीन भाग, जाडं मीठ एक भाग, त्यात झाकणबंद साचे. झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी दाबायची, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. मिठानं बर्फ वितळतो आणि वितळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो, शून्याच्या कितीतरी खाली जातो. मडकं मधूनमधून हलवत राहायचं. तासाभरात पातळ साचे गोठतात. मात्र अॅल्युमिनियमच्या जुन्या साच्यात आंबट काही घालू नका, आंबटपणा धातूला खातो. त्याला स्टीलचं फुलपात्र बरं.

पूर्वभाग_अम्मा

नातीनं वाचून दाखवलं, ती लिहून घेतेय.

पोरी, तू पाल्याला शिजवतेस. पाला शिजवायचा नसतो, त्याचा वास काढून घ्यायचा असतो. गवती चहाची पात कडक आहे, ती कात्रीनं बारीक काप, खलबत्त्यात जरा ठेच, आणि पाच मिनिटं मंद उकळ. तुळस आणि पुदिना उकळत्या पाण्यात नाहीच. गॅस बंद कर, मग टाक, झाकण ठेव, दहा मिनिटं. झाकणाला जे थेंब लागतात ना, ते पातेल्यातच झटक. सगळा वास त्या थेंबांत असतो. तू उघड्या पातेल्यात वीस मिनिटं उकळलंस, वास सगळा घरभर गेला आणि कडवटपणा भांड्यात राहिला. जास्त वास हवा तर पाला जास्त घे, वेळ जास्त घेऊ नको. लिटरला तू घेतल्यास तशा वीस पाती बरोबर आहेत.

आता माझं सांगते. आमच्यात अंबाडीला पुंटीकूर म्हणतात. भाजी करतो, पण लाल अंबाडीला थंडीत जी लाल बोंडं येतात ती मी वाळवून बरणीत भरून ठेवते. उन्हाळ्यात मूठभर बोंडं लिटरभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली की रक्तासारखं लाल पाणी येतं, चिंचेसारखं आंबट. त्यात गूळ चालतो, पण रंग मळतो. मी साखरच घालते. थोडं आलं आणि चिमूटभर मीठ. आमच्या घरी विड्या वळायला बसायचो तेव्हा दुपारी हेच पाणी माठातलं गार प्यायचो, तेव्हा कुठला फ्रीज. आता नातवंडांना साच्यात घालून देते. बाहेरच्या गाडीवरच्या लाल रंगापेक्षा लाल दिसतं, म्हणून पोरं आपणहून मागतात. तुझ्या मुलाला रंग आवडतो ना, त्याला हे दे.

बोंडं नसतील तर कुंपणावरची निळी गोकर्ण बघ. पाच-सहा फुलं गरम पाण्यात घातली की निळं पाणी. त्यात पोरांच्या देखत लिंबू पिळ, जांभळं होतं. एकदा बघितलं की पोरं पुन्हा पुन्हा करायला लावतात. चव काही नसते त्याला, ती गवती चहाची घे.

दुपारचा_डबा

एवढा खटाटोप कशाला? बाटलीतलं सरबत पाण्यात मिसळून गोठवा. पाच मिनिटांचं काम.

कुंडीतली_तुळस

तुमचं बरोबर आहे, ते सोपं आहे. पण मला मुलांच्या जिभेला तुळशीचा, गवती चहाचा वास ओळखीचा करायचाय. माझी आई पावसाळ्यात गवती चहा उकळायची, तो वास आला की मला अजून माहेरचं स्वयंपाकघर दिसतं. माझ्या मुलांना उन्हाळा आठवला की हा वास आठवावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी चार वेळा चुकायला माझी हरकत नाही.

साचेवाले दादा, अम्मा, दोघांचं मी वहीत उतरवून घेतलंय. सासूबाईंचं काय करू तेवढं कुणी सांगेल का? आणि बाळाचं?

वॉर्डातली_सिस्टर (होटगी रोड)

बाळासाठी आधी: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलासुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि उकळूनही ती मरत नाहीत. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात. म्हणजे तुमच्या मधाच्या साच्यातलं एक बोटसुद्धा नणंदेच्या बाळाला द्यायचं नाही. साखरही त्याला नकोच. कलिंगडाचा गर मिक्सरमधून काढून, बिया गाळून, छोट्या साच्यात गोठवा आणि वाटीत जरा मऊ करून चमच्यानं द्या. पाला-अर्क एवढ्या लहान पोटाला नको.

गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त. त्यामुळे चहा उकळलेल्या पाण्याचा असला तरी नंतर मिसळायचा लिंबूरस, फळं, काड्या, साचे, हात सगळं स्वच्छ हवं. उकळून गार केलेला चहा तीन-चार तास ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात तो लगेच बिघडतो. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून पटकन गार करा.

सासूबाईंसाठी गूळ, मध, खजूर हे 'नैसर्गिक' म्हणून चालवून घेऊ नका. रक्तात ती साखरच. त्यांचं बिनसाखरेचं करा. दगड होईल, म्हणून साच्यात न घालता पसरट डब्यात ओता आणि दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडा. तीन-चारदा खरवडलं की भुसभुशीत चुरा होतो, दात लागत नाहीत. वर भिजवलेला सब्जा, लिंबू, भाजलेलं जिरं, चिमूटभर काळं मीठ. सब्जा पूर्ण फुगलेलाच घ्या, कोरडा घशात अडकतो.

अम्मांच्या बोंडांबद्दल एक सांगायचंय. अंबाडीच्या बोंडांचा काढा रक्तदाब थोडा उतरवतो. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुणी ज्येष्ठमध घालायला सांगेल, गोड असतो म्हणून. तो रक्तदाब चढवतो, त्यामुळे तोही रोज नको.

आणि मिस्टरांसाठी गारेगार छान आहे, पण ते घामाची भरपाई नाही. शर्टावर मीठ दिसतंय म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही जातंय. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे बरोबर बाटलीत द्या. जास्त मीठ नको. कधी अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतोय, गोंधळलाय असं दिसलं तर गारेगार, सरबत काही तोंडात घालत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना.

कुंडीतली_तुळस

आज नऊ दिवसांनी लिहितेय. आधी करून बघायचं होतं.

मुलांचं: वीस पाती, आल्याचा तुकडा, अम्मांच्या पद्धतीनं पाच मिनिटं. मग गॅस बंद करून पुदिन्याची मूठ, झाकण. झाकणाचे थेंब खरंच वासाचे असतात, मी बोटावर घेऊन बघितले. साखर काट्यावर तोलून १४० ग्रॅम. आरारूटऐवजी मी पंढरपूरकडचे बेदाणे घातले. मूठभर रात्री भिजवले आणि वाटून, गाळून तो रस मिसळला. लिंबू मात्र गार झाल्यावर पिळलं. लिंबाचा भाव ऐकून पिळताना शेवटचा थेंबही सोडला नाही. काड्या मधला मारुतीजवळून आणल्या होत्या, त्या उकळून घेतल्या.

सकाळी मुलीनं साचा पाण्याखाली धरला आणि काडी ओढली. अख्खं आलं. दात लागला. शेवटपर्यंत हिरवट-पिवळं राहिलं, पांढरं झालं नाही. मुलगा काही बोलला नाही, काडी चावत बसला, मग म्हणाला, "अजून आहे का?" मी आत जाऊन फ्रीझर उघडा ठेवूनच दोन मिनिटं उभी राहिले.

गोकर्णीची फुलं शेजारच्या वाड्याच्या कुंपणावर मिळाली. आता सगळी गल्ली आमच्या ओट्यावर लिंबू पिळायला येते. निळ्याचं जांभळं का होतं असं मुलानं विचारलं. फुलातला रंग आंबट लागला की बदलतो, एवढं मी सांगितलं. मग तो खायचा सोडा कालवून उलटं करून बघायला लागला, तर हिरवट झालं. त्याच्या शाळेच्या वहीत आता चार रंगांचे डाग आहेत.

सासूबाईंचा चुरा मला सगळ्यात कठीण वाटला होता, तोच सगळ्यात सोपा निघाला. गवती चहा, जिरं, काळं मीठ, वर सब्जा. त्या वाटी घेऊन दाराशी बसतात. काल म्हणाल्या की लग्नाच्या आधी सिद्धेश्वरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, बर्फाचा गोळा खाल्ला होता, जानेवारीच्या थंडीत, वडिलांनी हट्ट पुरवला म्हणून. मधुमेह झाल्यापासून गार काही मागितलंच नव्हतं त्यांनी. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

एक फसलं तेही सांगते. ह्यांच्यासाठी खारट गारेगार केलं, गवती चहा, लिंबू, जिरं, मीठ. त्यात मीठ हात सैल सोडून घातलं. रात्रभर ठेवूनही पुरतं गोठलं नाही आणि खाववेना. साचेवाले दादांचं मिठाचं मडकं तेव्हा आठवलं, मीठ आत गेलं की गोठण खालीच जाणार. आता सिस्टरांचं पाणी बाटलीत देते आणि घरी आल्यावर मुलांसारखंच एक गारेगार देते, साखर निम्मी करून. ते थोडं कडक होतं, पण त्यांचे दात भक्कम आहेत.

बाळाला कलिंगड दिलं. पहिल्या चमच्याला डोळे गच्च मिटले, दुसऱ्याला हात पुढे केला. मधाचा उरलेला साचा मी नणंद यायच्या आदल्या दिवशीच संपवून टाकला, घरात राहायलाच नको म्हणून.

विजेचं म्हणाल तर चार बाटल्या ठेवल्यापासून सुया नाहीत. परवा सव्वादोन तास गेली होती, दार कुणाला उघडू दिलं नाही, साचे जसेच्या तसे होते.

अम्मा, तुमची बोंडं मंगळवार बाजारात दोन फेऱ्या मारूनही मिळाली नाहीत. एका बाईंनी अंबाडीचं बी दिलंय, लाल देठाचं आहे असं म्हणाल्या. पाऊस पडला की टबात पेरू का, की तिला जमीनच लागते?

पूर्वभाग_अम्मा

टब चालेल, पण खोल घे, मूळ सरळ खाली जातं. एका टबात एकच रोप ठेव. पहिल्या पावसानंतर पेर, दिवाळीनंतर बोंडं धरेल. आतलं हिरवं बी काढून टाक, फक्त लाल पाकळ्या सावलीत वाळव. तोवर माझ्या बरणीत दोन मुठी आहेत, नात तुझ्या बाजूला शिकवणीला येते, तिच्याकडे देते.